धुरपता या शब्दाला अर्थ नाही

रोज सकाळी धुरपताबाई चूळ भरायची ती पुतण्याच्या ओट्याकडं तोंड करून. डाव्या हातात तांब्या, उजव्या बोटाला तंबाखूचं काळं मंजन. मंजन ती एका लाल पत्र्याच्या डब्यातून घ्यायची. डब्याच्या एका बाजूला अरबी अक्षरं होती आणि दुसऱ्या बाजूला नथ घातलेली एक गोरी बाई हसत होती. धुरपताबाई तिच्याकडं एकदा रोखून बघायची, दात घासायची आणि मग दोन घरांमधल्या ठेंगण्या भिंतीपाशी उभी राहून तोंडातलं पाणी होती नव्हती ती ताकद लावून पलीकडं उडवायची. पाणी पलीकडं कधीच पोचलं नाही. ते अलीकडंच, भिंतीच्या पायाशी पडायचं. तिथला सारवलेला भाग काळा पडत गेला होता.

सून सुप्रिया तो भाग पुन्हा पुन्हा सारवायची आणि पुन्हा पुन्हा सांगायची, "आत्याबाई, भीत आपली हाय. खराब आपलीच होते."

"होऊ दे. त्याले दिसते ना?"

"त्याले दिसून काय होते?"

"त्याचा चहा कडू होते."

रिठदमधल्या आमच्या गल्लीत तिला गोड बाई कोणी म्हटलं नसतं. तिच्या ओट्यावर बसायला बाया कचरायच्या, कारण ती हातातलं काम न थांबवता बोलायची आणि हातात बहुतेक वेळा मुसळ असायचं. नवरा भिवाजी असताना ती त्याच्याशी भांडायची. तो गेल्यावर त्याच्या फोटोशी भांडू लागली. नवीन नावाचा मुलगा पुण्याकडं कंपनीत होता, तो फोनवर "हाव माय, हाव माय" एवढंच बोलायचा. उरली सुप्रिया. ती उलट उत्तर द्यायची, म्हणून तिचं सासूशी जमायचं.

आणि उरला भुरका. लाल मिरची, लसूण, तीळ तेलावर भाजून उखळात अर्धवट कुटायचे, इतकंच त्याचं शास्त्र. घरोघरी होतो. पण धुरपताबाईचा भुरका भाकरीवर घेतला की माणूस आधी गप्प व्हायचा, मग पाणी मागायचा, मग आणखी भुरका मागायचा. पोहरादेवीच्या यात्रेत ती कापडी पिशव्या घेऊन बसायची. पिशवीवर वाशीमहून करून आणलेला रबरी शिक्का मारलेला असायचा, नुसता एक शब्द, धुरपता. लांबलांबच्या तांड्यांवरून आलेले लोक देवीचं दर्शन झालं की तिला शोधत यायचे.

तिचं कागदावरचं नाव मात्र धुरपता नव्हतं. आधार कार्डावर द्रौपदी, बँकेत द्रौपदाबाई, रेशनकार्डावर धुरपता आणि मतदार यादीत कोणीतरी ध्रुपदी करून ठेवलं होतं. द्रौपदी हे नाव आमच्याकडच्या तोंडात राहत नाही, त्याची धुरपता होते, हे तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक. कुठल्याही खिडकीपाशी साहेबानं कपाळाला आठी घालून विचारलं, "बाई, ही दोन्ही नावं तुमचीच का?" की ती म्हणायची, "हाव साहेब, एकच हाय," आणि काम व्हायचं. आयुष्यभर झालं. त्यामुळं नावाच्या बाबतीत तिला कसलीच भीती नव्हती. कागदाचं एक आणि तोंडाचं एक, बाई तीच.

तिचा पुतण्या गोपीचंद, म्हणजे धाकटा दीर दौलतराव यांचा मुलगा, भिंतीपलीकडं राहायचा. वाशीमच्या बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, फॉर्म, लायसन, सगळं काढून द्यायचा. हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं. भुरक्याचं पुढं काहीतरी होईल हे आधी त्याला दिसलं, हे कबूल करायला हवं. त्यानंच लायसन काढलं, बरण्या आणल्या, ट्रेडमार्कचा अर्ज केला. अर्जावर मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं, कारण लायसन त्याच्या नावावर होतं, आणि लायसन त्याच्या नावावर होतं, कारण चकरा त्यानं मारल्या होत्या. धुरपताबाईनं काही विचारलं नाही. आभारही मानले नाहीत. "घरचंच पोट्टं हाय," एवढं म्हणाली आणि मिरचीचे देठ तोडत राहिली.

रामनवमीच्या यात्रेत त्या बरण्या पहिल्यांदा मांडल्या. चकचकीत स्टिकर, सोनेरी अक्षरं. एक बाई मुलीला घेऊन आली, बरणी उचलली, खाली ठेवली.

"धुरपताचा भुरका कुठं भेटते?"

"हाच हाय ना."

मुलीनं स्टिकर वाचलं. "नाई व माय. याच्यावर द्रौपदी लिवलं."

"नकली हाय मंग," बाई म्हणाली आणि पुढं गेली. तिच्यामागून दुसरी गेली. नावाची अशीच चौकशी करत लोक येत राहिले आणि तिच्याच तोंडासमोर तिलाच शोधत पुढं जात राहिले.

दुपारी गोपीचंद आला. सोबत बायको निता, सासू, सासरे. नवा धंदा दाखवायला घेऊन आला होता. धुरपताबाई नखांनी स्टिकर खरडत बसली होती.

"काहून बे, हे द्रौपदी कोन? आन तिले माह्या बरणीवर कोनं बसवलं?"

"मोठमाय, हळू बोला. तुमचंच नाव हाय. जरा शुद्ध करून लिवलं."

"शुद्ध? मी का अशुद्ध हाव?"

"धुरपता गावठी दिसते हो. ब्रँडले वजन पाह्यजे."

"तुह्या मायचं नाव गोजरा हाय. तिले काऊन गायत्री नाई करत? जाय, आधी तिचं बारसं कर, मंग माह्यापाशी ये."

सासरे हसले. नुसतं मिशीत नाही, चांगले मोकळेपणानं हसले आणि निताही पदराआड हसली. भिंतीच्या दोन्ही बाजूंचं पुढचं सगळं वैर त्या हसण्यापासून धरावं. गोपीचंदनं बरण्या गाडीत भरल्या. जाताना म्हणाला, "द्रौपदी माह्या नावावर नोंदलेलं हाय, मोठमाय. मी ते चालवून दाखवतो. तुमी तुमचं गावठी इका."

त्यानं खरंच चालवलं. वाशीमला गिरणी टाकली, मसाले काढले. धुरपताबाईनं पुन्हा कापडी पिशव्या शिवल्या आणि जुना शिक्का काढला. सुप्रियानं नवं लायसन सासूच्या नावानं काढून घेतलं. त्याच दिवसांत चूळ भरायची जागा बदलली. पूर्वी ती मोरीत भरायची.

इथवर हे घरातलं भांडण होतं. देशाबाहेर ते खेमामुळं गेलं, आणि खेमाचा त्यात काही दोष नव्हता.

खेमा आमच्याच गल्लीतला, मस्कतला ट्रक चालवायचा. दर सुट्टीला परत जाताना पिशव्या न्यायचा. खोलीवरच्या पोरांनी खाल्लं, मग तिथल्या एका दुकानदारानं चाखलं. त्यानं रीतसर माल मागवला. सुप्रियानं खोकी बांधली, कागद केले, धुरपताबाईनं खोक्याला हळदकुंकू लावलं. माल पोचला आणि दुकानदाराला नोटीस आली. धुरपता हे नाव ओमानमध्ये दुसऱ्याच्या नावे नोंदलेलं आहे, हा माल विकता येणार नाही. खोकी तिथंच पडून राहिली. खेमा सुट्टीवर आला तेव्हा पिशवीतून एक लाल डबा काढून त्यानं तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हे पाय. तिकडं तूच तुह्या आड आली."

डब्यावर इंग्रजीत आणि अरबीत धुरपता, दुसऱ्या बाजूला ती नथवाली गोरी बाई. खाली छोट्या अक्षरात गोपीचंदच्या फर्मचं नाव. धुरपताबाईनं झाकण उघडलं, चिमूट तोंडात टाकली.

"लाकडाचा भुसा," ती म्हणाली. मग डबा घेऊन भिंतीपाशी गेली आणि अशी हाक मारली की अख्खी गल्ली बाहेर आली.

"गोपीचंद! बाहीर ये बे! हे बाई कोन?"

गोपीचंद टॉवेलनं तोंड पुसत ओट्यावर आला. "मॉडेल हाय."

"नाव माहं आन थोबाड हिचं?"

"नाव तुमचं कसं? तुमीच म्हने ना, द्रौपदी कोन? द्रौपदी माही, मी ते इथं इकतो. तिकडं लोक धुरपता मागत होते, म्हनून तिकडं मीन ते नोंदलं. जो आधी अर्ज देते त्याचं नाव, मोठमाय. तुमी झोपले होते."

"मी कुटून राह्यली होती!"

"तेच ते."

दौलतराव मधे पडले. "जाऊ द्या वैनी, पोट्टं हाय."

"चाळिशीचं पोट्टं? केस पांढरे झाले त्याचे माहं नाव चोरता चोरता."

गल्ली हसली. गोपीचंदचा चेहरा उतरला. तिथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण यात्रेतलं हसणं त्याच्या कानात अजून होतं. तो भिंतीजवळ आला.

"चोरलं म्हनता? तिकडच्या फार्मात विचारते, या शब्दाचा अर्थ काय. मी लिवलं, काई अर्थ नाई. बनवलेला शब्द हाय. खोटं लिवलं काय? सांगा बरं तुमीच. काय अर्थ होते धुरपताचा?"

धुरपताबाई भांडण अर्धं टाकून वळली. तिच्या बाबतीत हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. ती आत गेली आणि उखळाचा आवाज सुरू झाला. त्या दिवशीचा भुरका इतका बारीक झाला की विकता आला नाही.

सुप्रिया तिला वकिलाकडं घेऊन गेली. रंजीता नागपूरच्या एका ऑफिसात ट्रेडमार्कचं काम शिकून वाशीमला परत आलेली, कोर्टाजवळ तिची एक खोली. तिनं सगळं ऐकून घेतलं. धुरपताबाईचा एकच प्रश्न होता.

"एका बाईचे दोन नावं चालत नाईत काय? आधारले चालते."

"आधारमधी बाई नोंदवते, काकू. ट्रेडमार्कमधी बाई नाई नोंदवत. शब्द नोंदवते. जो लिवला तोच. द्रौपदी लिवलं तं द्रौपदी. धुरपता तुमी इथंई नाई नोंदवलं आन तिथंई नाई."

"इथं नोंदवलं का तिथं चालन?"

"नाई. इथलं इथं. सरहद्द ओलांडली का परत."

"म्हंजे दर देशात परत बारसं?"

रंजीताला ते आवडलं. "हाव. दर देशात परत बारसं. अर्ज एकच देता येते बऱ्याच देशांसाठी, पन प्रत्येक देश आपापल्या मनानं हो का नाई म्हनते."

"आन मस्कत?"

"तिथं पाळन्यात आधीच दुसरं लेकरू झोपलं हाय. त्याले उठवा लागते, आन त्यासाठी तिथल्याच कोर्टात जा लागते. ते नंतर पाहू. पहिले इथलं नाव वाचवा. कारन बाहीरचे सारे नावं पहिले पाच वर्स इथल्या नावावर टांगून राह्यते. इथलं तुटलं का सारेच पडते."

इथलं नाव म्हणजे भारतातली नोंद. धुरपता हा शब्द भुरक्यासाठी धुरपताबाईचा, एवढंच मान्य करून घ्यायचं होतं. ते झालं तर पुढं दुबई, इतर देश. नाही झालं तर पोहरादेवीच्या यात्रेतसुद्धा उद्या कोणी तिच्या हातातली पिशवी काढून घेऊ शकत होतं. हे तिला नीट समजलं. घरी येताना ती सुप्रियाला म्हणाली, "म्हंजे मले मीच हाव हे दाखवा लागन."

अर्ज गेला. यात्रेतले जुने फोटो, शिक्का बनवून देणाऱ्याचं लेखी पत्र, वर्षानुवर्षं पिशव्या नेणाऱ्या लोकांची प्रतिज्ञापत्रं. एका तांड्यावरच्या भुरीबाईनं अंगठा उठवताना वकिलालाच विचारलं, "हिचा भुरका खाल्ला नाई काय तुनं? मंग वकील कायची?" अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला. कोणाची हरकत असेल तर चार महिन्यांत कळवावी.

गोपीचंदनं हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की धुरपता आणि द्रौपदी हे एकच नाव आहे. मराठी माणसाला दोन्हीत फरक वाटत नाही. द्रौपदी आधीच त्याच्या नावावर आहे, म्हणून धुरपता दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

रंजीतानं ते वाचून टेबलावर हात मारला. "काकू, तो फसला! मस्कतात म्हनते अर्थ नाई, इथं म्हनते द्रौपदी हाच अर्थ. मी तिथलं त्याचं लिवलेलं मागवलं हाय. दोन्ही समोर ठेवतो. फक्त सुनावनीत तुमी बोलू नका. एक शब्दई नाई."

"काहून?"

"कारन तुमाले विचारलं दोन्ही नावं एकच काय, तं तुमी काय म्हनसान?"

काय म्हणायचं हे धुरपताबाई सगळं आयुष्य म्हणत आली होती.

सुनावणी ऑनलाइन झाली. रंजीताच्या खोलीत तिघी एका कॉम्प्युटरपुढं बसल्या. पडद्याच्या एका चौकटीत मुंबईचे अधिकारी, एका चौकटीत गोपीचंदचे वकील आणि शेवटच्या चौकटीत आपल्या सेंटरमध्ये बसलेला गोपीचंद. त्याच्यामागून कोणीतरी झेरॉक्सचं विचारत होतं. धुरपताबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिनं गोपीचंदच्या चौकटीकडं बघून तोंड असं हलवलं की सुप्रियानं तिचा गुडघा दाबला. चूळ भरायची जागा नव्हती ती.

गोपीचंदचे वकील बोलले. रंजीता बोलली, मस्कतचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते वकील म्हणाले, तो परदेशातला वेगळा विषय आहे, इथं त्याचा संबंध नाही. अधिकारी बराच वेळ कागद बघत होते. मग त्यांनी मान वर केली. मराठी होते.

"अर्जदार बाई हजर आहेत ना? त्यांनाच विचारू. आजी, तुमच्याकडं धुरपता म्हणजे द्रौपदीच ना?"

रंजीतानं डोळे मिटले. सुप्रिया सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. "हाव साहेब, एकच हाय" हे वाक्य त्या तोंडात तयारच होतं, कित्येक खिडक्यांवर वापरून गुळगुळीत झालेलं.

"साहेब," धुरपताबाई म्हणाली, "द्रौपदी राजाची रानी होती. तिले पाच नवरे होते. मले एकच होता, आन तोई काई कामाचा नोता."

अधिकाऱ्यांनी माईक बंद केला. आवाज आला नाही, पण खांदे हलताना दिसले.

"तिनं मिरची कुटली का नाई, मले मालूम नाई," ती पुढं म्हणाली. "धुरपता कुटते. भुरका धुरपताचा राह्यते. द्रौपदीचा भुरका मीन आयकला नाई."

"खोटं बोलू नका मोठमाय!" गोपीचंद ओरडला. "आधारवर काय हाय तुमच्या? दाखवा आधार! एकच नाव हाय ते!"

"तूच लिवलं ना बे, काई अर्थ नाई म्हनून? मंग आता कुठून आनला अर्थ?"

त्याच्या वकिलांनी त्याला गप्प बसवलं. पुढं काही काळ दोन्ही वकील बोलत राहिले, पण ते पडद्यावरच्या कोणाला फारसं ऐकायचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये सुप्रियाला हसू आवरत नव्हतं. धुरपताबाई खिडकीशी बसून होती. रिसोडचा रस्ता लागला तसं ती म्हणाली, "मी खोटं बोलली काय व?"

"कायचं खोटं? बराबर बोलल्या."

"माह्या मायनं त्याच बाईच्या नावानं ठेवलं होतं माहं नाव. पोथी आयकून आली होती, म्हने. पोटात मी होती." थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यानं म्हनलं अर्थ नाई. आन मीनई तेच म्हनलं."

सुप्रियानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. सासूनं ती घेतली नाही.

निकाल काही महिन्यांनी आला. गोपीचंदची हरकत फेटाळली होती. धुरपता हा शब्द धुरपताबाईच्या नावे नोंदला गेला. मग रंजीतानं बाहेरच्या देशांचा अर्ज पाठवला. दुबईकडून होकार आला. ओमानकडून नकार आला, तिथं ते नाव आधीच कोणाचं तरी आहे म्हणून. रंजीतानं मस्कतच्या खटल्याचं समजावून सांगितलं. तिथला वकील करावा लागेल, यानं वाईट हेतूनं नाव घेतलं हे तिथं सिद्ध करावं लागेल, आणि तिथं माल विकल्याचा पुरावा म्हणून दाखवायला आपल्याकडं फक्त खेमाची बॅग आहे.

"म्हंजे दुबईत मी धुरपता हाव," धुरपताबाईनं हिशेब जमवला, "आन मस्कतात तो धुरपता हाय."

"कागदावर तसंच."

ते तिनं शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीचंद चहाचा कप घेऊन ओट्यावर बसला तेव्हा भिंतीवरून आवाज आला, "काय व धुरपताबाई, झाला काय चहा?"

त्यानं वर बघितलं.

"तुलेच म्हनून राह्यली व बाई. नथ नाई घातली आज?"

पलीकडं गोजराबाई, तिची जाऊ, भांडी घासत होती. तिला हसू आलं आणि मग तिनं ते आपल्या मुलाचं हसं आहे म्हणून जोरात भांडी आपटली. पण उशीर झाला होता. गल्लीतल्या पोरांनी शब्द उचलला. गोपीचंद गाडी काढू लागला की कोणीतरी म्हणायचं, "धुरपताबाई वाशीमले चालल्या." त्यानं सकाळी ओट्यावर बसायचं सोडलं. चहा आत प्यायचा. धुरपताबाईची चूळ मात्र थांबली नाही. लाल डब्यातला भुसा तिनं उकिरड्यावर ओतला होता आणि डब्यात मंजन भरलं होतं, म्हणजे दिवसाची सुरुवात त्या नथवाल्या बाईचं तोंड बघून व्हावी आणि राग शिळा होऊ नये.

समेट झाला नाही. दौलतरावांनी एकदा संक्रांतीला तिळगूळ पाठवला. तिनं तीळ निवडून भुरक्यात घातले आणि गूळ परत पाठवला. खेमाचा फोन आला की आधी ती विचारायची, "इकून राह्यला काय तो अजून?" तिथं कायदा असा की नोंदलेलं नाव पाच वर्षं सलग वापरलं नाही तर ते काढून टाकायला सांगता येतं, हे रंजीतानं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. तेवढं तिनं धरून ठेवलं. खेमा म्हणायचा, "इकून राह्यला मावशी. दुकानात दिसते." ती फोन सुप्रियाच्या हातात द्यायची.

तिच्या छातीत मिरची बसली होती, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. डॉक्टर वेगळं काहीतरी म्हणाले. यात्रा उरकून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. मुलगा पुण्याला, खेमा मस्कतला. सुप्रिया भिंतीपाशी जाऊन नुसती उभी राहिली, हाकही मारली नाही. गोपीचंदनं गाडी काढली. वाशीमच्या दवाखान्यात केस पेपर त्यानंच भरला, आधार कार्ड बघून. वॉर्डात तो आला नाही. दारापाशी उभा राहिला आणि धुरपताबाईनं त्याला पाहून भिंतीकडं तोंड फिरवलं, तेव्हा बाहेर जाऊन बाकड्यावर बसला.

संध्याकाळपर्यंत ती गेली. आमच्या गल्लीत त्यानंतर पुष्कळ बोललं गेलं. तिनं शेवटी पुतण्याला माफ केलं, असंही कोणी सांगतं. तसं काही झालं नाही. सुप्रिया तिच्या उशाशी होती आणि ती सांगते ते एवढंच आहे.

दुपारी नर्स ट्रे घेऊन आली आणि कागद बघून म्हणाली, "द्रौपदी भिवाजी कोण?"

धुरपताबाईचे डोळे मिटलेले होते.

"द्रौपदी भिवाजी?"

"आत्याबाई," सुप्रिया कानाशी वाकली, "तुमालेच बोलावून राह्यली."

तिनं डोळे उघडले. नर्सकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या सुईकडं.

"धुरपता म्हन," ती म्हणाली. "आन सुई डाव्या हातात टोच व माय. उजवा मले कुटाले लागते."